कुरणावर घातलेला सदरा

ओदार्का,

हे तू वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. जिवंत होतीस तेव्हा तरी कुठे वाचायचीस? कागद दिसला की तुझा चष्मा हरवायचा. "मास्तरीण, तूच वाच, तुझा आवाज खणखणीत आहे," म्हणायचीस, आणि मी वाचायला लागले की मध्येच कोंबड्या हाकलायला उठायचीस. आता उठता येणार नाही. गप्प पडून ऐक.

तुझा सदरा आता साऱ्या जगाला दिसतो. संग्रहालयातल्या झोर्यानानं आज तो संगणकावर कुठे आणि कसा बघायचा ते कळवलं. पडद्यावर बोट सरकवलं की तो स्वतःभोवती गोल फिरतो, आत कुणी नसताना. खाली लिहिलंय: लग्नातला सदरा, पांढऱ्यावर पांढरं भरतकाम, गाव टेर्नोवा बाल्का. त्याखाली तुझं नाव, तुझ्या आईचं नाव. मी तो मोठा करत गेले, एकेक टाका गव्हाच्या दाण्याएवढा होईपर्यंत. फार सुंदर आहे गं. आणि डाव्या बाहीवर तो डाग. आहे तिथेच आहे.

झोर्यानाला त्याखाली चार ओळी हव्यात. कुणी घातला, कधी घातला, पुढे काय झालं. चार ओळींत बसायला तू काही कापसाचं बोंड नाहीस. म्हणून तुलाच लिहिते. त्यातलं तिनं हवं ते उचलावं. तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगणार आहे, कारण वाचणारे परके असतील. मध्ये तोंड घालू नकोस.

तू सामुदायिक शेताच्या गोठ्यात दूध काढायचीस. मी खार्किवला शिकून आले आणि त्याच गावात रसायनशास्त्र शिकवायला लागले. माझी मुलं परीक्षेत नापास झाली की तू रस्त्यात गाठून म्हणायचीस, "तुझ्या पोरांपेक्षा माझ्या गाई हुशार. एकदा सांगितलेलं विसरत नाहीत." तुझे हात दारावरच्या पाट्यांसारखे रुंद होते आणि आवाज असा की नदीपलीकडच्या गावातले कुत्रे उठून बसायचे. गाणं मात्र त्याच आवाजात म्हणायचीस तेव्हा माणसं कामं टाकून उभी राहायची. हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू रोज गायली असतीस.

तुझं लग्न झालं तेव्हा गावातल्या मुली शहरातून नायलॉनचे झगे आणत होत्या. तुझी आई याव्दोखा आदल्या हिवाळ्यात गेलेली, आणि तिच्या पेटाऱ्यात तो सदरा होता: जवसाच्या धाग्याच्या घरगुती लिननचा, घोट्यापर्यंत लांब, बाह्यांवर पांढऱ्या दोऱ्यानं पांढरी फुलं आणि मनगटाशी दोरे काढून बनवलेली जाळी. तिनं स्वतःच्या लग्नासाठी भरला होता, आणि तो तुला राहावा म्हणून स्वतः दुसऱ्या सदऱ्यात गेली. मी तुझी करवली. मेणाच्या फुलांचा मुकुट मीच तुझ्या डोक्यावर बसवला आणि फिती बांधताना तू ओरडलीस, "डोकं आहे, दुधाची किटली नाही!" बाहेर पडलो तर कुंपणाशी उभ्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "काय गं, दुकानातलं कापड संपलं?"

तू म्हणालीस, "दुकानात कापड ढीगभर आहे. माझी आई नाही तिथे."

मग कुणी हसलं नाही.

नवरा मिकीता. चांगला माणूस, ट्रॅक्टर चालवायचा, पण त्याला चार पावलांवरचा माणूस ओळखू यायचा नाही, आणि चष्मा लावायची लाज. लग्नातच पेला उंचावताना त्यानं चेरीची दारू तुझ्या डाव्या बाहीवर सांडली. मी मूठभर मीठ टाकलं, तू दुसऱ्या दिवशी धुतलंस, डाग गेला. पुढे एका जत्रेत त्यानं मागून जाऊन सामुदायिक शेताच्या अध्यक्षांच्या बायकोच्या कमरेला हात घातला, कारण तिचा रुमाल तुझ्यासारखा होता. त्यावर गाव वर्षानुवर्षं जगलं. तू सगळ्यात जास्त हसायचीस. "माझा माणूस चेहरा बघत नाही," म्हणायचीस, "कपडा बघतो."

चाळिशी गाठण्याआधी तो गोठलेल्या नदीचा बर्फ फुटून घोडागाडीसकट बुडाला. मूलबाळ नव्हतं. साव्वानं मागणी घातली होती, तोच साव्वा, ज्याची मधमाश्यांची पेटी तुझ्या कुंपणाला टेकून असायची. तू त्याला म्हणालीस, "तुझ्या माश्या मला चावतात, तू आणखी कशाला?" आणि एकटी राहिलीस.

आमच्याकडे म्हाताऱ्या बायका मरणाचं गाठोडं बांधून ठेवतात. रुमाल, मोजे, मेणबत्ती, हातांवर टाकायचा भरलेला पंचा, आणि लग्नातला सदरा. तो सदरा लग्नात एकदा घालायचा आणि मग थेट शवपेटीत. मधल्या काळात अंगाला लावायचा नाही. पलीकडे गेल्यावर नवऱ्यानं ओळखावं म्हणून. मी शिकलेली, मी या गोष्टींवर नाक मुरडायचे. पण तुझ्या बाबतीत मला तोंड उघडता येईना. बाकीच्या बायकांचे नवरे निदान चेहरा तरी ओळखणारे होते.

परके सैनिक गावात आले त्या उन्हाळ्यातलं सांगते. ते घराघरांतून फिरत होते. तुझ्याकडे आले, पेटारा उघडला. तू गाठोड्यावर जाऊन बसलीस. एकजण म्हणाला, "उठ, खाली काय आहे?" तू म्हणालीस, "मरणाचे कपडे आहेत, बाळा. तुझ्या मापाचे होतील का बघतोस?" तो मागे सरला. दाराच्या चौकटीला आपटून गेला. तुझा सदरा असा वाचला. शरद ऋतूत आपले सैनिक परत आले तेव्हा माझ्या घराला छप्पर नव्हतं, आणि तुझ्या गाठोड्याची गाठही सुटली नव्हती.

त्याच्या पुढच्या वर्षी झोर्याना आली. चाळिशीतली बाई, संग्रहालयातली, गाडीत दिवे, कॅमेरा आणि कपडे चढवायची, माणसाएवढी, बिनडोक्याची एक कापडी बाहुली. ती गावोगाव फिरून सणाचे आणि लग्नाचे जुने कपडे टिपून घेत होती. काही न्यायचं नाही, फक्त चित्रं काढायची, चारी बाजूंनी. युद्ध काय ठेवेल आणि काय नेईल कुणाला माहीत, म्हणाली; चित्र तरी राहील. मीच तिला तुझ्याकडे पाठवलं आणि तुला आदल्या दिवशी निरोप दिला. तिथेच घोटाळा झाला. शहरातली बाई येणार म्हटल्यावर आमच्याकडची कुठली बाई जे करेल तेच तू केलंस. सदरा धुतलास, बटाट्याच्या पाण्यात बुडवून कडक खळ दिलीस आणि त्यावर इस्त्री फिरवलीस, सगळा जोर लावून, भरतकामाच्या बाजूनं.

झोर्यानानं कॅमेऱ्यातून पाहिलं. दिवा इकडून लावला, तिकडून लावला.

"आजी, यात काहीच दिसत नाही."

"कसं दिसेल? स्वच्छ आहे ना!"

"फुलं कुठे गेली?"

"आहेत की. हात लावून बघ."

पांढऱ्यावर पांढरं असलं की दिसते ती फक्त सावली. टाका वर उठलेला असतो, त्याची बारीक सावली पडते, तेवढीच. तू ती सावलीच दाबून टाकली होतीस. कागदासारखा सपाट सदरा. झोर्याना पायरीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. तू माझ्या कानात म्हणालीस, "भूक लागली असेल. वारेनिकी टाकते." त्या उकडलेल्या करंज्या तिनं दोन ताटं भरून खाल्ल्या, हे खरं आहे. मग तुम्ही दोघींनी खळ धुऊन काढली, सदरा सावलीत वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात, जिथे एकाच झरोक्यातून आडवा उजेड येतो, तिथे बाहुली उभी केली.

"आजी, तुम्हीच घालता का? माणसाच्या अंगावर खुलून दिसेल."

"घालीन. फुलं घेऊन ये त्या दिवशी."

झोर्यानाला कळायला थोडा वेळ लागला. मग लाल झाली बिचारी.

बाहुलीचे खांदे शहरी, ऐसपैस. तू तिच्याभोवती फिरून म्हणालीस, "मेलीला डोकं नाही पण खांदे बघ. हिला मिळाला असता नवरा." चित्रात रंग खरे उतरावेत म्हणून झोर्यानानं सदऱ्याशेजारी रंगांची पट्टी धरली, तर तू विचारलंस, पांढऱ्याला रंग दाखवून जळवतेस का? आणि बाहुली त्या फिरत्या पाटावर हळूहळू वळायला लागली तेव्हा तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस. नंतर म्हणालीस, "मिकीतानं मला एवढं कधी नाचवलं नाही. पडेल म्हणून घाबरायचा."

झोर्यानानं मग संगणक उघडून तुला चित्र दाखवलं. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. किती वर्षांत तू स्वतःच्या आईचा टाका पाहिला नव्हतास, बोटांनीच चाचपायचीस. पडद्यावर ती फुलं ताटाएवढी झाली. तू नाक पडद्याला लावलंस. "ही गाठ बघ," म्हणालीस, "आई डावखुरी होती. गाठ उलटी यायची तिची." आणि बोट फिरवत फिरवत बाहीवर आलीस.

"हे काय?"

झोर्याना म्हणाली, "जुना डाग आहे, आजी. डोळ्यांना जाणवतही नाही. कॅमेरा सगळंच बघतो."

जाणवत नव्हता, हे खरं. मी गोठ्याच्या दाराशी सदरा उजेडात धरला तर फिकट पिवळं काहीतरी, चहाच्या थेंबाएवढं. पण पडद्यावर तो एका पाकळीहून मोठा होता.

"पेटाऱ्याच्या खिळ्याचा गंज," तू म्हणालीस.

"चेरी आहे ती," मी म्हटलं. "लग्नातली. मी मीठ टाकलं होतं त्यावर."

"तुझं मीठ! तुझ्या मिठानं काय होतंय?"

"अगं, चेरी पुन्हा वर येते, वर्षांनी. मिकीतानं सांडलेली."

"मग तर काढायलाच हवा," तू म्हणालीस. "बघून ओशाळेल बिचारा."

मी म्हटलं, माझ्याकडे एक आम्ल आहे, दोन थेंबांत काम होईल. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी तुझ्या आईवरच आम्ल ओतायला निघाले होते. झोर्यानानं फार अजीजीनं विचारलं, "आजी, सदरा संग्रहालयात ठेवायचा का? काचेत, थंड खोलीत, तुमच्या नावानं."

"तुझा तो यंत्रात आहे ना?"

"आहे."

"मग हा माझा."

एवढ्यावर विषय संपला. तिनं हट्ट केला नाही, हे तिच्या बाजूनं लिहिते. जाताना तिनं तुझा हात धरला आणि म्हणाली, आता हा कधी हरवायचा नाही, आजी. तू मान हलवलीस.

डाग काढायची तुझी एकच रीत. ओलं कापड हिरव्या गवतावर पसरायचं, उन्हात वाळायला लागलं की पाणी शिंपडायचं, पुन्हा वाळू द्यायचं, पुन्हा शिंपडायचं. गवत, पाणी आणि ऊन मिळून कापड दुधासारखं करतात. हे काम मे महिन्यातलं. गवत कोवळं पण दाट असतं, धूळ उडत नाही. म्हणून हिवाळाभर तू थांबलीस. रोज म्हणायचीस, "मेपर्यंत मरायचं नाही, मास्तरीण. घाणेरडी जाणार नाही मी."

मे आला, आणि त्याच्यासोबत लढाईची आघाडीही परत सरकत आली. तुझ्या अंगणात अक्रोडाची सावली आणि कोंबड्या. म्हणून तू नदीकाठच्या कुरणात गेलीस, तिथल्या पट्ट्यातले सुरुंग काढून झाले होते, तशी खूण म्हणून फीत लावलेली होती. विलोच्या झाडापासून दूर, भर उन्हात, सदरा पसरलास, चार कोपऱ्यांवर चार दगड. दिवसातून किती वेळा कळशी घेऊन उतरायचीस. मी ओरडायचे, तू ऐकायची नाहीस. संध्याकाळी घडी करून घरी आणायचीस, सकाळी पुन्हा नेऊन पसरायचीस. "निघतोय," म्हणायचीस. "अर्धा निघालाय." तुला दिसत नव्हतं ते, पण मी हो म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी सदरा पसरून तू न्याहारीला वर आलीस आणि पुलावर मारा झाला. मग शाळेवर. धूर बसतो न बसतो तोच पोलिसांची गाडी आली, गाव रिकामं करायला. आपल्या गल्लीत आपण दोघी आणि साव्वा. साव्वा म्हणाला, माश्या सोडून येत नाही. कोठीघरात लपला आणि बाहेर आलाच नाही. आपल्याला मात्र पोलिसांनी गाठलं.

"आजी, पाच मिनिटं. औषधं, कागद, आणि निघा."

तू गाठोडं उचललंस आणि कुरणाच्या वाटेला लागलीस. एका पोलिसानं हात धरला.

"कुठे?"

"खाली. माझं कापड आहे."

"खाली ड्रोन फिरतंय, आजी. कुरणात हलणारं जे दिसेल त्याच्यावर टाकतात."

"अरे, मरणाचं आहे ते माझं."

"म्हणूनच म्हणतो, ते तिथेच राहू दे. तुम्ही चला."

त्यानं तुला उचललं, अगदी हळू, आपल्या आजीला उचलावं तसं. तू त्याच्या छातीवर मुठी मारत होतीस आणि तो "मारा, आजी, मारा," म्हणत चालत होता. मी मागून तुझी चप्पल घेऊन आले. दुसरं काय करणार होते? गाडी वळली तेव्हा कुरण दिसलं. हिरव्यावर पांढरा, बाह्या पसरलेला. तू खिडकीला कपाळ लावलंस आणि ते दिसेनासं झालं तरी काढलं नाहीस.

आपल्याला एका लहान शहरात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात ठेवलं. एका खोलीत आपण दोघी आणि खेरसोनकडची मेलानिया. तू गाठोडं सोडून पुन्हा बांधलंस: रुमाल, मोजे, मेणबत्ती, पंचा. मधली जागा रिकामी. ते आता हातात धरलं की एका बाजूला कलायचं.

साव्वाचा फोन यायचा. त्याच्या माळ्यावरून कुरण दिसतं आणि रेंजही तिथेच मिळते.

"आहे का रे?" तू फोन हिसकावून विचारायचीस.

"आहे. पडलाय. दगड जागेवर आहेत."

"वाळला असेल. पाणी शिंपडायला हवं."

"मग ये आणि शिंपड. मी काय हेलिकॉप्टर आहे?"

"साव्वा, सांजवेळी जाऊन..."

"ओदार्का, तेव्हा हो म्हणाली असतीस तर माझी बायको म्हणून तुझ्या सदऱ्यासाठी जीव दिला असता. आता शेजारी म्हणून किती देऊ?"

तू हसलीस. मग तू फोन मला दिलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. एकदा पावसाची सर आल्याचं त्यानं सांगितलं, तर दिवसभर तू खुशीत होतीस. "शिंपण झालं," मेलानियाला सांगत होतीस, "फुकटचं."

मी झोर्यानाला फोन केला. तिनं तिथल्या एका तुकडीच्या अधिकाऱ्याचा नंबर मिळवला, ती वसतिगृहावर आली, आणि आपण तिघींनी तो फोन आवाज मोठा करून लावला. तो माणूस फार थकलेला होता. त्याला दोनदा सांगावं लागलं.

"सदरा?" तो म्हणाला. "तुम्ही सांगा, ताई. कुणाला पाठवू?"

तूच पुढे झुकून म्हणालीस, "कुणाला नको. ऐकलंस का, बाळा? कुणा आईचा पोरगा माझ्या सदऱ्यासाठी नको. तू जेवलास का?"

तो म्हणाला, जेवलो. खोटं बोलला असणार.

त्यानंतर तू साव्वाला पाणी शिंपडायला सांगितलं नाहीस. उन्हाळा चढत गेला. एकदा त्यानं सांगितलं, "गवत वाढलंय. आता कडा तेवढ्या दिसतात." पुढच्या वेळी म्हणाला, "दिसत नाही. गुडघ्याच्या वर गेलंय गवत. पण गेला नाहीये, ओदार्का, आहे तिथेच. फक्त झाकलाय." तू म्हणालीस, "जाळीतून वर येईल गवत. आईनं जाळी मोकळी ठेवली होती." मग साव्वाचा फोन लागेनासा झाला. तो पाय मोडून इस्पितळात पडल्याचं आपल्याला शरद ऋतूत कळलं. माश्यांचं काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी तुला माझ्या फोनवर सदरा दाखवायचे. तेव्हा तो सगळ्यांसाठी खुला नव्हता, झोर्यानानं आपल्यापुरता पाठवला होता. तू फोन नाकाला लावून बघायचीस. झोर्याना म्हणाली, "आजी, माझ्या आजीचा सदरा आहे, तो घ्या." तू म्हणालीस, "दुसरीच्या सदऱ्यात गेले तर तिचा नवरा येईल माझा हात धरायला. माझा तर आधीच आंधळा. तिथे भांडण नको."

त्याच दिवसांत, तुला धाप लागायला लागली होती, तू उशीला टेकून बसली होतीस, फोन तुझ्या हातात. म्हणालीस, "मास्तरीण, त्या पोरीला सांग, डाग काढ म्हणावं."

"कुठला?"

"हा. चित्रातला. तिच्या यंत्राला काय, एक बोट. खरा काही आता निघत नाही. निदान इथे तरी मी स्वच्छ असू दे."

"सांगते," मी म्हटलं.

"विसरशील."

"मी कधी विसरते?"

"तुझं मीठ," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

ऑक्टोबरमध्ये तू गेलीस. सकाळी, मेलानिया खीर ढवळत होती तेव्हा. कसलाही गाजावाजा नाही. तुझ्या त्या आवाजाला शोभणारं नव्हतं ते. मी झोर्यानाला कळवलं. ती म्हणाली, मी काहीतरी करते. तिनं चित्रं घेतली आणि एका छापखान्यात जाऊन लिननच्या कापडावर, खऱ्या मापाचं, छापायला सांगितलं. छापखानेवाला म्हणाला, बाई, यात नक्षीच नाही, काय छापू? पांढऱ्या कापडावर पांढरं छापता येत नाही. शेवटी सावल्याच छापून दिल्या, करड्या. ती बस पकडून ते घेऊन आली. आम्ही पलंगावर पसरलं. धुतलेल्या फडक्यावर शाई सांडल्यासारखं दिसत होतं. शिकलेल्या दोघी बायका, जगातलं सगळं यंत्र आमच्या पाठीशी, आणि एका म्हातारीला तिचा सदरा आम्हाला घालता येत नव्हता.

मेलानियानं तिचं गाठोडं उघडलं. तिच्याकडे दोन होते. एक तिच्या लग्नातला, तो तिनं बाजूला ठेवला. दुसरा कोरा, तांबड्या-काळ्या भरतकामाचा, बहिणीनं तिच्यासाठी भरलेला. "हा कुणीच घातलेला नाही," ती म्हणाली. "यात कुणाचाच नवरा नाही."

आम्ही तुला तो घातला. तांबडा तुला शोभत होता, हे मान्य करते. पण ती तू नव्हतीस. मला चार पावलांवरून ओळखू आली नसतीस, आणि मला चांगलं दिसतं. झोर्यानाचं ते करडं कापड घडी करून तुझ्या डोक्याखाली ठेवलं. मेणबत्ती, पंचा, मोजे सगळं ज्याच्या त्याच्या जागी. दफनभूमी शहराच्या कडेला, ओळीनं नवीन कबरी, शेजारी ओळखीचं कुणी नाही. मिकीता तिकडे, टेर्नोवा बाल्कात, नदीच्या बाजूला. मला प्रार्थना धड येत नाही. मी मनात एवढंच म्हटलं, मिकीता, या वेळी तरी चष्मा लाव.

झोर्याना आता दर रविवारी फोन करते. चांगली बाई आहे. तुझा सदरा खूप लोक बघतात म्हणते. शिवण शिकणाऱ्या मुली, परदेशात गेलेले आपले लोक. कुणीतरी त्यावरून नवा सदरा भरायला घेतलाय, तुझ्या आईच्या उलट्या गाठीसकट. हे सगळं मी ऐकते. चांगलंच आहे. तुला त्याचा काय उपयोग, ते मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

आजही ती मला म्हणाली, "लारिसा गाव्रिलिवना, आता नोंद कायमची बंद करायची आहे. चित्रात काही दुरुस्ती हवी असेल तर शनिवारपर्यंत सांगा. आजी काही म्हणाल्या होत्या का?"

मी पडदा मोठा केलेलाच होता. बाही समोर होती. गंज की चेरी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही; चेरी असेल, तर मिकीताची तेवढीच खूण उरली आहे. कापड हातात असतं तर एका थेंबात सांगितलं असतं. चित्रावर आम्ल टाकता येत नाही.

"लारिसा गाव्रिलिवना? ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "खीर उतू जातेय. पुढच्या रविवारी बोलू."

खीर मेलानिया बघत होती. पुढचा रविवार नोंद बंद झाल्यावर येतो.